लोफोटेनचा बेत आखताना: आधी काय, मग काय

लोफोटेनची सहल बिघडते ती बहुतेक वेळा घरी बसूनच, बॅग भरायच्या कितीतरी आधी. विमानाची तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून लगेच काढली जातात, मग मुक्काम शोधला जातो आणि गाडीचा विचार शेवटी येतो. तोवर जुलैतली गाडी एक तर संपलेली असते किंवा तिचं भाडं विमानाच्या तिकिटाइतकं झालेलं असतं. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. किनारे आणि जेवण हे वाचायला मजेचे भाग पुढे आहेत, पण पहिले चार टप्पे चुकले तर पुढचं वाचून उपयोग नाही.

नकाशा आधी डोक्यात बसवा. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यापासून समुद्रात शेपटीसारखी गेलेली ही बेटांची रांग. पुलांनी आणि बोगद्यांनी जोडलेली, आणि तिच्यातून जाणारा मुख्य रस्ता एकच, ई-१०. पूर्वेच्या टोकाकडे स्वोल्वेर, मधे लेकनेस, पश्चिमेला रेइने आणि रस्ता जिथे संपतो ते गाव ‘ऑ’. या गावाचं नाव एकाच अक्षराचं आहे, ए वर छोटं वर्तुळ. फोनच्या नकाशात साधा ए टाकलात तर भलतीकडे जाल, म्हणून शेजारच्या ‘मोस्केनेस’चं नाव टाकून शोधा.

## टप्पा १: महिना ठरवा

शाळेची सुट्टी मे महिन्यात, म्हणून सहल मे महिन्यात, ही पहिली चूक. मेच्या पहिल्या पंधरवड्यात डोंगरावर बर्फ असतो, पायवाटा चिखलाच्या असतात आणि हंगामी उपाहारगृहं, छोटी संग्रहालयं, फ्योर्डमधल्या (डोंगरांत घुसलेल्या चिंचोळ्या खाडीतल्या) जादा बोटी यांतलं बरंच काही सुरू झालेलं नसतं. शाळेच्या वेळापत्रकातच बसवायचं असेल तर जूनचा पहिला पंधरवडा धरा. २८ मे ते १४ जुलै या काळात इथे सूर्य मावळत नाही, गर्दी मात्र जूनअखेरीपासून पुढे वाढते.

जुलै सगळ्यात उबदार आणि सगळ्यात गजबजलेला. उबदार म्हणजे दिवसा १२ ते १५ अंश, एखाद्या भाग्यवान दिवशी २० च्या वर. ऑगस्ट अखेरीस रात्र परत येते, त्यामुळे किनारे आणि उत्तरध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) दोन्हींची थोडी शक्यता असते. दिवाळीच्या सुट्टीत फक्त प्रकाशासाठी जायचं असेल तर जा. त्या दिवसांत किनाऱ्यावर वारा, पाऊस आणि दुपारी चारच्या आसपास अंधार.

तपासा: ज्या संग्रहालयासाठी किंवा बोटीसाठी जाताय त्याचं त्या महिन्याचं वेळापत्रक त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा. इथल्या बऱ्याच गोष्टी जून ते ऑगस्ट एवढ्याच काळात रोज चालू असतात.

## टप्पा २: रात्री मोजा, मुक्काम दोनच ठेवा

स्वोल्वेर ते ऑ हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. आपल्याला वाटतं, पुण्याहून मुंबईला जाण्यापेक्षा कमीच की! पण रस्ता दुपदरी, वेगमर्यादा ८० आणि वस्तीत ५० किंवा त्याहून कमी, पुढे मोटारहोमची रांग, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणणार, “थांबा, फोटो.” सरासरी ताशी ५० धरून हिशेब करा.

कमीत कमी पाच रात्री हव्यात. तीन रात्रींत लोफोटेन ‘करून’ येणारे लोक एक ढगाळ दिवस आला की हात हलवत परत येतात. पाच रात्रींची विभागणी अशी करा: तीन रात्री पश्चिमेला, म्हणजे रेइने, हामनोय, साक्रिसोय किंवा राम्बर्ग परिसरात, आणि दोन रात्री पूर्वेला, स्वोल्वेर, काबेलवोग किंवा हेनिंग्सवेरला. घरात वयस्कर माणसं असतील, रोज बॅगा हलवणं जमणार नसेल, तर सगळ्या रात्री लेकनेसजवळ घ्या. गाव म्हणून त्यात पाहण्यासारखं काही नाही, पण दोन्ही टोकं तिथून साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटरवर आहेत, मोठी दुकानं तिथेच आहेत आणि हाउकलान किनारा पंधरा-वीस मिनिटांवर.

मुक्कामाला ‘रोर्बू’ मिळाली तर तीच घ्या. पाण्यात खांब रोवून उभी केलेली कोळ्यांची लाल लाकडी घरं, आता आतून सोयीची केलेली. मुख्य फायदा स्वयंपाकघराचा, त्याचं महत्त्व जेवणाच्या टप्प्यात कळेल. आरक्षण करताना तीन गोष्टी नीट वाचा: चादरी-टॉवेल भाड्यात धरलेत की वेगळे, शेवटची साफसफाई कोणी करायची, आणि शौचालय आत आहे की सामायिक. चादरी नसतील तर तिथे भाड्याने घ्याव्या लागतात आणि चौघांचा तो आकडा बोचतो.

सावध: या टप्प्यावर फक्त फुकट रद्द करता येणारंच आरक्षण घ्या. व्हिसा अजून हातात नाही.

## टप्पा ३: गाडी आणि बोट, मग विमान

पोचायच्या दोन मुख्य वाटा आहेत, आणि मुक्कामाचा क्रम वाटेप्रमाणे ठरतो.

बोडोमार्गे. ऑस्लोहून बोडोला विमानाने, किंवा वेळ असेल तर रेल्वेने, ट्रोन्हाइमला गाडी बदलून. तिथून मोस्केनेसची मोठी फेरी, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, साधारण सव्वातीन तास. उतरलात की रेइने दहा मिनिटांवर. म्हणजे या वाटेने आलात तर पहिला मुक्काम पश्चिमेचा. फेरीचं वेळापत्रक वाचताना हमखास होणारी चूक: काही फेऱ्या थेट मोस्केनेसला जातात, काही व्हेरोय आणि रोस्त या बेटांवरून फिरून जातात आणि त्यांना दुप्पट वेळ लागतो. सुटण्याची वेळ पाहून खूश होऊ नका, पोचण्याची वेळ पाहा. उन्हाळ्यात गाडीसह जात असाल तर जागा आधी राखून ठेवा. आरक्षणाशिवाय रांगेत लागलात तर पुढच्या बोटीपर्यंत धक्क्यावर बसायची तयारी ठेवा.

एवेनेसमार्गे. या विमानतळाचं नाव तिकिटावर ‘हार्स्टाड/नार्विक’ असं येतं, म्हणून लोक गोंधळतात. तिथून स्वोल्वेर अडीच-तीन तास. या वाटेने पहिला मुक्काम पूर्वेचा. मुंबई-ऑस्लो-एवेनेस असा चोवीस तासांचा प्रवास करून त्याच संध्याकाळी रेइने गाठायचा बेत बऱ्याच जणांच्या वहीत सापडतो. ते अजून साडेचार-पाच तासांचं गाडी चालवणं आहे, तेही उजव्या बाजूने. करू नका.

स्वोल्वेर आणि लेकनेसला छोटे विमानतळ आहेत. विमानं लहान, बॅगेचे नियम कडक, धुकं आलं की उड्डाण रखडतं. बोडोहून स्वोल्वेरला जलद बोटही जाते, पण ती फक्त माणसांची, गाड्यांची नाही. गाडीशिवाय फिरणाऱ्यांसाठी ती सोयीची. मात्र बेटांवरच्या बसफेऱ्या मोजक्या आहेत आणि किनाऱ्यांचे फाटे ई-१० सोडून आत जातात, हे लक्षात घ्या.

आता क्रम: आधी भाड्याची गाडी, मग फेरी, मग देशांतर्गत विमान, शेवटी मुंबई-ऑस्लो. गाडी एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडायची असेल तर त्याचा वेगळा आकार लागतो, तो आधी विचारा. आपल्या परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभर चालतो आणि गाडी देणारे बऱ्याचदा मागतात. भाड्याच्या गाड्यांत विजेवरच्या गाड्या भरपूर आहेत. चालवायला उत्तम, पण चार्जिंगचं ॲप आणि कार्ड घरून निघण्याआधीच चालू करून ठेवा.

सावध: ऑस्लोला उतरून देशांतर्गत विमान पकडायचं असेल तर बहुतेक वेळा बॅग ऑस्लोत स्वतः उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावी लागते. बॅगेवर शेवटच्या गावाची चिठ्ठी असली तरीही. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे फ्रँकफर्टला पासपोर्ट तपासून झाला तरी कस्टम ऑस्लोतच. मधे किमान तीन तास ठेवा.

## टप्पा ४: व्हिसा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणंच अवघड, म्हणून तीन-चार महिने आधी हालचाल करा. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीसपर्यंत. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सेवा केंद्राचा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या दिवसांचा.

अर्ज फेटाळला जायचं किंवा अडकायचं एक साधं कारण म्हणजे रात्रींचा हिशेब न जुळणं. अर्ज ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे करायचा. पॅरिस चार, लोफोटेन पाच, तर नॉर्वेकडे. दिवसवार तक्ता करा आणि त्यातली प्रत्येक रात्र एखाद्या आरक्षणाशी जुळते का ते पाहा. फेरीच्या किंवा रात्रीच्या रेल्वेच्या रात्रीही त्यात लिहा, नाहीतर ती रात्र रिकामी दिसते.

## टप्पा ५: सामान

कपडे तीन थरांचे: आत लोकरीचा किंवा झटपट वाळणारा थर, मधे गरम, वर वारा-पाणी दोन्ही अडवणारं जाकीट. छत्री नेऊ नका, पहिल्याच वाऱ्यात उलटी होते. सुती जीन्स पावसात भिजली की दिवसभर अंगाला चिकटते. बूट घोट्यापर्यंतचे आणि आधी पायात रुळलेले. मध्यरात्रीच्या उजेडात झोपायला डोळ्यांवरची पट्टी, विशेषतः मुलांसाठी. पडदे सगळीकडे जाड नसतात.

खाण्याचं सामान भरताना एक नियम पाळा: भारतातून मांस आणि दूध यांपासून बनलेलं काहीही नॉर्वेत नेता येत नाही. म्हणजे तूप, पेढे, खवा, चीज राहू द्या घरी. पोहे, रवा, गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी असं कोरडं सामान घ्या. लोणी तिथे चांगलं मिळतं. मेतकूट-भातावर तूप हवंच असेल तर ते कढवून घ्या.

तपासा: तुमचं डेबिट-क्रेडिट कार्ड परदेशी व्यवहारांसाठी चालू आहे ना, आणि त्याचा पिन पाठ आहे ना. रोख पैशांचं काम जवळपास पडत नाही, अगदी पार्किंग आणि सार्वजनिक शौचालयसुद्धा कार्डावर चालतं. ढोबळ हिशेबाला एका क्रोनरला नऊ रुपये धरा.

## टप्पा ६: दिवस तारखेला बांधू नका, वाऱ्याला बांधा

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो. ‘मंगळवारी क्वालविकाचा किनारा, बुधवारी रेइनेब्रिंगेनचा डोंगर’ असं घरून लिहून आणलेलं वेळापत्रक इथे टिकत नाही.

लोफोटेनला दोन अंगं आहेत. आतली बाजू वेस्टफ्योर्डकडे, म्हणजे बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या समुद्राकडे, आग्नेयेला तोंड करून. स्वोल्वेर, हेनिंग्सवेर, नुसफ्योर्ड, रेइने, ऑ ही गावं तिकडे. बाहेरची बाजू वायव्येला, उघड्या समुद्राकडे. हाउकलान, उत्तक्लाइव, उन्स्टाद, क्वालविका, बुनेस हे किनारे तिकडे. मधे डोंगरांची भिंत. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ढग डोंगराला अडून साठतात, दुसरी बाजू त्या मानाने मोकळी राहते. सह्याद्रीत घाटमाथ्यावर धो धो आणि पलीकडे कोरडं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून रोज रात्री असं करा:

1. नॉर्वेच्या हवामान खात्याच्या ‘यर’ या ॲपवर दुसऱ्या दिवसाचा वारा पाहा, दिशा आणि वेग दोन्ही. वेग मीटर प्रति सेकंदात असतो. १० म्हणजे ताशी ३६ किलोमीटर.
2. वायव्येचा किंवा उत्तरेचा वारा असेल तर आतली बाजू: गावं, संग्रहालयं, बोटीची सफर.
3. दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा असेल तर बाहेरचे किनारे.
4. वारा ५ च्या खाली आणि ढग उंच, असा दिवस आला की डोंगर. असे दिवस मोजके. तो दिवस खरेदीत घालवू नका.
5. वारा १५ च्या वर असेल तर उंच पूल जपून, डोंगर आणि छोटी बोट रद्द.

जूनमध्ये एक पळवाट तुमच्या हातात असते: दिवस संपतच नाही. दुपारी पाऊस पडून रात्री नऊला आकाश उघडलं तर तेव्हा निघा. पार्किंगही रिकामं मिळतं.

## टप्पा ७: किनारे

वाळू पांढरी, पाणी हिरवं-निळं. फोटो पाहून कोणालाही वाटेल की पोहायला जावं. उन्हाळ्यातसुद्धा पाणी साधारण १० ते १४ अंश असतं. जीवरक्षक कुठेही नसतात.

सोपे किनारे, गाडीपासून पावलांवर. राम्बर्ग ई-१० ला लागूनच आहे, आजी-आजोबांना घेऊन जायला सगळ्यात सोयीचा. स्काग्सान्देन उथळ आणि पसरट, ओहोटीला ओल्या वाळूत डोंगर उलटे दिसतात. हाउकलान आडोशाचा, शौचालयाची सोय असलेला. त्याच्या बोगद्यापलीकडे उत्तक्लाइव, गोटे आणि खडकांचा, मध्यरात्रीचा सूर्य पाहण्यासाठी चांगला. या दोघांमधे डोंगराला वळसा घालून समुद्राकाठची जुनी वाट आहे, तासाभराची, जवळपास सपाट. गाडी हाउकलानला ठेवून चालत जा. दोन्हीकडे पार्किंगला पैसे पडतात; ते भरल्याशिवाय निघालात तर दंडाची पावती गाडीच्या मालकामार्फत घरपोच येते.

चालून जायचे किनारे. क्वालविकासाठी फ्रेडवांगचे दोन अरुंद पूल ओलांडून जावं लागतं. एका वेळी एकच गाडी. समोरची गाडी चढली असेल तर थांबायच्या जागेत थांबा. पायवाट खिंडीवरून तासाभरात किनाऱ्यावर उतरते. मधला दलदलीचा पट्टा काही ठिकाणी फळ्या टाकून पार करता येतो, पण ओल्या फळ्या शेवाळलेल्या फरशीइतक्या निसरड्या. बुनेससाठी रेइनेहून फ्योर्डमधली बोट घेऊन विनस्टादला उतरायचं आणि साधारण तीन किलोमीटर चालायचं. बोट छोटी आहे, उन्हाळ्यात भरते; सुटण्याच्या बरंच आधी धक्क्यावर हजर राहा. परतीची शेवटची बोट किती वाजता ते जाण्याआधीच फोनमध्ये फोटो काढून ठेवा, पलीकडे नेटवर्कवर विसंबू नका.

उन्स्टाद हा लाटांचा किनारा. सर्फिंग शिकायचं असेल तर जाड वेटसूट आणि फळी तिथेच भाड्याने मिळते. शिकवणी एक दिवस आधी ठरवा. नुसतं पोहायला मात्र हा किनारा वाईट, ओढ जास्त आहे.

पाण्यात उतरायचंच असेल तर:

1. भरती-ओहोटीची वेळ पाहा. पातळीत दोन मीटरहून जास्त फरक पडू शकतो. खडकाच्या पलीकडच्या वाळूवर ठेवलेली पिशवी परतताना पाण्यात असते.
2. कोरडे कपडे, टॉवेल आणि गरम चहाचा थर्मास उघडून तयार ठेवा, मग उतरा.
3. चालत चालत आत जा, उडी नको. थंड पाण्याने पहिल्या मिनिटात श्वास अडकतो, धाप लागते. श्वास ताब्यात आल्याशिवाय कमरेच्या पुढे जाऊ नका.
4. दोन-तीन मिनिटं पुरे. बोटं बधिर व्हायच्या आत बाहेर.
5. ऑगस्टमध्ये तांबूस-केशरी जेलीफिश दिसली तर लांब राहा, लांब तंतू चावरे असतात.

हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी घोट्यापर्यंतच्या पाण्यावर समाधान मानावं.

तंबू लावायचा असेल तर: न कसलेल्या मोकळ्या जमिनीवर, राहत्या घरापासून किमान १५० मीटर लांब, एका जागी दोन रात्रींपर्यंत, हा देशाचा नियम. पण लोफोटेनमधल्या अनेक किनाऱ्यांवर स्थानिक बंदी आहे, आणि तिथे पाटीचं म्हणणं अंतिम. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा त्याच्या जवळ उघडी आग पेटवायला बंदी असते.

## टप्पा ८: पाहायच्या जागा, आणि काय सोडायचं

रेइनेब्रिंगेन. उंची ४४८ मीटर, हा आकडा पाहून सह्याद्रीत फिरणारे हसतात. पण सुरुवात समुद्रसपाटीपासून आणि चढ जवळपास सरळ वर. नेपाळच्या शेर्पांनी बांधलेल्या सुमारे दोन हजार दगडी पायऱ्या आहेत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या लागोपाठ एकोणीस वेळा चढल्या की अंदाज येईल. गाडी रेइनेत ठेवा आणि बोगद्याच्या बाहेरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने पायथ्याशी चालत जा. पावसात चढू नका. पायऱ्या सोडून कडेने तर मुळीच जाऊ नका, तिथून सुटलेला दगड खालच्या माणसाच्या डोक्यावर जातो.

गुडघे साथ देत नसतील तर रेइनेच्या पुलावरूनच पाहा. खरं सांगायचं तर निम्मे प्रसिद्ध फोटो तिथूनच काढलेले असतात.

बोर्गचं लोफोत्र संग्रहालय. व्हायकिंग सरदाराचं ८३ मीटर लांबीचं घर, मूळ जागेशेजारी पुन्हा उभारलेलं. जमीन नांगरताना १९८१ मध्ये या जागेचा सुगावा लागला. आत चूल पेटलेली असते, वस्तू हाताळता येतात, म्हणून मुलांना आवडतं. पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा आणि अर्धा दिवस द्या.

ऑ आणि नुसफ्योर्ड. ऑ मध्ये मासेमारीच्या गावाचं संग्रहालय, सुक्या माशाचं संग्रहालय आणि १८४४ सालची बेकरी. दालचिनीचे पाव सकाळी ताजे निघतात, दुपारपर्यंत संपूही शकतात. नुसफ्योर्डला हंगामात गावात शिरायलाच शुल्क असतं. ऑ नीट पाहिलं असेल आणि वेळ कमी असेल तर नुसफ्योर्ड सोडा.

ट्रोलफ्योर्डची बोट. स्वोल्वेरहून निघते, अरुंद फ्योर्डमध्ये शिरते, वाटेत समुद्री गरुड दिसतात. उघडी वेगवान रबरी बोट आणि बंद, शांत विजेवरची बोट असे प्रकार आहेत. पाठीचं दुखणं असेल तर पहिली नको. वेस्टफ्योर्डला लाट असेल त्या दिवशी उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. बोट हलू लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

हेनिंग्सवेरचं खडकावरचं फुटबॉल मैदान वरून पाहिलं तरच दिसायला भारी. जमिनीवरून ते साधं मैदान आहे, आणि गावात पार्किंगची मारामार. गावाच्या तोंडाशीच गाडी ठेवा. ड्रोन उडवायचा असेल तर आधी नोंदणी आणि नियम पाहा: विमानतळापासून पाच किलोमीटरच्या आत परवानगी लागते, आणि स्वोल्वेर-लेकनेसचे विमानतळ धरता बराच भाग त्यात येतो.

## टप्पा ९: जेवण

आधी खर्चाचा अंदाज. उपाहारगृहात मुख्य पदार्थ साधारण ३०० ते ४५० क्रोनर, मासळीचं सूप दोनशेच्या वर, कॉफी पन्नासच्या आसपास. चौघांचं रात्रीचं जेवण सहज पंधरा हजार रुपयांत जातं. म्हणून ‘एक वेळ बाहेर, दोन वेळा रोर्बूत’ हा हिशेब ठेवा आणि बाहेरचं जेवण दुपारी घ्या. नळाचं पाणी फुकट आणि उत्तम. बाटलीबंद मागवू नका. टीप सक्तीची नाही.

खरेदीचा क्रम. मोठी दुकानं रविवारी बंद. शनिवारी संध्याकाळी उतरणाऱ्यांची इथे हमखास उपासमार होते. शनिवार आला की दुपारीच लेकनेस किंवा स्वोल्वेरला दोन दिवसांचं सामान घ्या. बीअर दुकानात शनिवारी सहापर्यंत, सोमवार ते शुक्रवार आठपर्यंत. वाइन आणि त्यापुढचं फक्त सरकारी ‘वीनमोनोपोल’मध्ये. गाडी चालवणाऱ्याने मात्र एक ग्लासही नको, रक्तातल्या दारूची मर्यादा दर हजारी ०.२ आहे.

ताक हवं असेल तर ‘कुल्तूरमेल्क’ नावाचं खोकं घ्या, कढीसुद्धा होते. तांदूळ, मसूर, चणे, कांदे, बटाटे सगळीकडे मिळतात. मोहरी, हिंग, कढीपत्ता बरोबर न्या.

सावध: रोर्बूत फोडणी देताना आधी चुलीवरचा पंखा पूर्ण वेगात, खिडकी उघडी, मग तेल. लाकडी घर असल्यामुळे छतावरचा धुराचा भोंगा फार हळवा असतो. मोहरी तडतडली, मिरची पडली, धूर झाला की पाच सेकंदांत अख्खा धक्का जागा होतो. मिरची तेल कडक व्हायच्या आधी टाका.

मासे खाणाऱ्यांसाठी. ‘स्क्राइ’ म्हणजे अंडी घालायला येणारा कॉड, ताजा मिळतो तो जानेवारी ते एप्रिल. उन्हाळ्यात मेनूवर ‘तोर्फिस्क’, म्हणजे सुका मासा, शोधा. रस्त्याच्या कडेला लाकडी मांडव दिसतील. वर्सोव्याला किंवा अर्नाळ्याला वलांडीवर बोंबील टांगतात तसाच प्रकार. फरक असा की इथे ऊन नाही, थंड वारा वाळवतो, आणि मीठ अजिबात नाही. शेपटीकडून जोडीजोडीने बांधलेले मासे फेब्रुवारीपासून मेपर्यंत लटकतात. उन्हाळ्यात मांडव बहुतेक रिकामे असतात, डोकी कधी कधी दिसतात. वासावरून नाक मुरडायचं काम कोकणी माणसाचं नाही.

‘बोकनाफिस्क’ म्हणजे अर्धवट वाळवलेला मासा. चव दाट, पण वरून बऱ्याचदा तळलेलं डुकराचं मांस घालतात. नको असेल तर मागवतानाच “उतेन बेकन” म्हणा. पहिल्यांदाच जात असाल तर मासळीचं सूप आणि पाव यांपासून सुरुवात करा. आपल्या जिभेला फिकं लागलं तर मिरपूड मागा, तिखट सॉस ओतलात तर मलईची चव मरते. मेनूवर ‘हवाल’ दिसलं तर ते देवमाशाचं मांस आहे, न कळता मागवू नका.

शाकाहारींसाठी. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका, मासळीही चालत नाही हे वेगळं सांगा आणि सूप कशाच्या पाण्यात शिजलंय ते विचारा. छोट्या गावात पिझ्झा, बटाटा आणि सॅलड एवढाच पर्याय उरतो. तपकिरी, गोडसर ‘ब्रूनोस्त’ चीज लेफ्से नावाच्या मऊ पोळीत गुंडाळून घेतलं की मुलांचा डबा होतो. जैन जेवणाची अपेक्षा ठेवू नका, स्वतः शिजवा.

तपासा: संध्याकाळचं टेबल जुलैत दोन-तीन दिवस आधी राखा. बाहेर लख्ख उजेड असतो म्हणून वेळेचं भान राहत नाही आणि नऊला स्वयंपाकघर बंद झालेलं असतं.

## टप्पा १०: परतीचा दिवस

मोस्केनेसहून परत जाणार असाल तर त्याच दिवशी बोडोहून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान जोडू नका. वारा वाढला की फेरी रद्द होते. बोडोला किंवा ऑस्लोला एक रात्र राखा. एवेनेसला गाडी परत करायची असेल तर रस्त्याची कामं धरून एक तास जादा घ्या.

आदल्या रात्री गाडीत दिवे कमी-झोतावर चालू आहेत ना पाहा. इथे दिवसाही ते लावावे लागतात. आपत्कालीन क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या: रुग्णवाहिका ११३, पोलीस ११२, आग ११०. सकाळी रोर्बूतली भांडी धुवा, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाका, केर काढा. साफसफाई तुमच्याकडे असेल आणि राहिली तर तिचे पैसे कार्डावरून परस्पर जातात. रिकाम्या बाटल्या आणि डबे फेकू नका. दुकानाच्या दाराशी असलेल्या यंत्रात घातलेत की लहानांचे दोन आणि मोठ्यांचे तीन क्रोनर परत मिळतात, आणि पाच दिवसांच्या बाटल्यांत फेरीवरची एक कॉफी निघते.